टोरविकांची नाडी

तू या शिक्षणाला जायचं म्हणतेस, म्हणून सांगते. एरवी हे मी कुणापाशी बोलत नाही. माझा नवरा वेस, त्यालासुद्धा अर्धंच ठाऊक आहे. तो दिवा जरा इकडे सरकव आणि कॉफी घे.

फेब्रुवारीतला शनिवार होता. सकाळी बेकरीतून खिमा-बटाट्याच्या गरम पॅस्टी घेतल्या, वेसला डब्यासकट गोदीवर सोडलं आणि टेकडीवरच्या विद्यापीठाकडे गाडी वळवली. सरोवरावरून धुकं चढत होतं. बोटींचा भोंगा मधूनच हंबरत होता. सकाळ असूनही सगळ्या गाड्यांचे दिवे लागलेले. माझी परीक्षा होती, पण भीती अशी नव्हतीच. होता तो वैताग.

अर्धं आयुष्य मी अतिदक्षता विभागात काढलंय. कोवळे डॉक्टर गोंधळले की माझ्या तोंडाकडे बघायचे. पण बढतीची गोष्ट निघाली की एकच उत्तर, "ऐली, पदवी हवी." म्हणून या वयात पुन्हा शाळेत. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, तेही अत्यवस्थ रोग्यांसाठी. म्हणजे आपणच तपासायचं, आपणच निदान करायचं, औषध लिहायचं. रात्रपाळी करून दिवसा पुस्तकं. शिवाय हाताखाली घेणारा अनुभवी माणूस ज्याचा त्यानं शोधायचा! गावातल्या निम्म्या डॉक्टरांना मी फोन केले. कुणी पुढच्या वर्षी बघू म्हणालं, कुणी फोनच ठेवला. फी विद्यापीठानं घ्यायची आणि गुरू मात्र आपण हुडकायचा. असा सगळा तो कारभार.

परीक्षेची तऱ्हा तुला सांगते. लहानशी खोली, दवाखान्यासारखी. खाटेवर खोटा रोगी बसलेला असतो, म्हणजे रोग्याचं सोंग करायला नेमलेला माणूस. भिंतीत पलीकडून आरपार दिसणारा आरसा, आरशामागे परीक्षा घेणाऱ्या बाई. स्टेथोस्कोपखेरीज यंत्र एकही नाही. डोळे, बोटं, कान, एवढ्यावर सांगायचं काय झालंय ते.

माझ्या वाट्याला मिस्टर टोरविक आले. साठीचे असतील. विरळ पांढुरके केस, गाऊनखाली लोकरीचे मोजे. माणूस सभ्य. मी नाव सांगून हात पुढे केला. त्यांचा हात गार होता, पण त्या महिन्यात आमच्याकडे कुणाचा गरम असतो?

"काय त्रास होतोय, मिस्टर टोरविक?"

"जिना चढलो की छातीवर कुणी येऊन बसल्यासारखं वाटतं, बाई."

पाठ केलेलं वाक्य होतं. मी मान डोलावत त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली.

काहीच लागलं नाही.

बोटं जरा सरकवली, जोर कमी केला, वाढवला. दुसरं मनगट घेतलं. मग गळ्याच्या कडेला हात नेला. तिथे लागत नाही ती फक्त मेलेल्या माणसाची. ते माझ्याकडे बघत होते, पापण्या मिटत-उघडत होते, जिन्याचं पुढचं वाक्य बोलत होते. मी स्टेथोस्कोप छातीला लावला. आत... कसं सांगू तुला? बर्फ पडत असताना दार उघडून उभं राहिलं की बाहेर जे ऐकू येतं ना, तेवढंच. शेजारच्या खोलीतलं कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं, त्यांच्या छातीतलं काहीच नाही. आणि एक वास. गोठलेल्या पाण्याचा आणि जुन्या लोखंडाचा.

"डॉक्टर हॅडली," मी आरशाकडे वळून म्हणाले, "यांना नाडी नाही. कुणाला तरी बोलवा."

डॉक्टर हॅडली आमच्या मुख्य प्राध्यापिका. उंच बाई, केस करकचून बांधलेले. त्या आत आल्या, टोरविकांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "बहात्तर. नियमित." मग दारातून ओनिकाला हाक मारली. ओनिका माझ्याच वर्गातली. डेट्रॉइटची, जिभेची तिखट, जिवाला जीव देणारी. तिनंही मनगट धरलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बहात्तर, डॉक्टर."

"मिसेस कोस्केला," हॅडली म्हणाल्या, "धडधाकट माणसाची नाडी ज्यांना सापडत नाही, त्यांच्या हाती आम्ही अत्यवस्थ रोगी कसे द्यायचे?"

नापास. आणखी एक संधी होती. तीही गेली तर नाव कापणार.

मी कान तपासून घेतले, ठणठणीत निघाले. नवा स्टेथोस्कोप घेतला. घरात दिसेल त्याची नाडी धरत सुटले. वेस टीव्हीसमोर बसला की मी त्याचं मनगट पकडायची.

"लागते ना माझी?" तो म्हणायचा. "मग झालं तर. आता कुत्र्याची बघ आणि मला मॅच बघू दे."

"थट्टा करू नको, वेस."

"थट्टा कसली? दोन वर्षं या घरात बायको पुस्तकाआड असते. नाडीच्या निमित्तानं का होईना, हात तरी धरतेस."

कुत्र्याचीही लागली. वॉर्डात तर रोज लागत होती, बुडत्या माणसांची, धाग्यासारखी बारीकसुद्धा. मग त्या एका माणसापाशीच माझी बोटं मेली होती काय? संताप यायचा. स्वतःचा, हॅडलीचा, त्या गार हाताच्या म्हाताऱ्याचा.

दुसऱ्या खेपेला मी आधीच जाऊन सांगितलं, मला दुसरा रोगी द्या. हॅडली म्हणाल्या, "वॉर्डात रोगी निवडून मिळतो का?" दार उघडलं तर खाटेवर तेच. तेच लोकरीचे मोजे. "जिना चढलो की..."

मी मनगट धरलं. नाही. गळा, नाही. छातीवर वाकले. तोच वास, तीच बर्फाची शांतता. माझा कान त्यांच्या तोंडाजवळ होता. त्यांचे ओठ हलल्यासारखेही वाटले नाहीत, पण आवाज आला.

"सांगू नका त्यांना..."

मी गोठले.

"सांगितलंत तर... मला जावं लागेल, बाई. सिग्ने एकटी पडेल..."

बोलताना श्वासाची वाफ माझ्या गालाला लागायला हवी होती. ती लागली नाही.

"मिसेस कोस्केला," आरशामागून आवाज आला, "नाडी?"

आयुष्यात रोग्याचा खोटा आकडा मी कधी सांगितला नव्हता. मी ताठ उभी राहिले. "बहात्तर," म्हणाले. "नियमित."

पास झाले. निदान, औषधं, पुढचं सगळं बिनचूक सांगितलं म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की निघताना टोरविकांच्या गालांवर रंग आला होता. बाहेरून चालून आलेल्या माणसाच्या येतो ना, तसा.

गाड्यांपाशी ओनिका काचेवरचं बर्फ खरवडत होती. मी तिचा दंडच धरला.

"खरं सांग. तुला लागली होती?"

ती खरवडत राहिली. "नाही."

"मग बहात्तर कुठून आणलंस?"

"हॅडलीनं म्हटलं तेच म्हटलं. अगं ऐली, सगळेच म्हणतात. गेल्या वर्षीच्या मुली तर आम्हाला आधीच सांगून गेल्या होत्या, टोरविक आले की बहात्तर म्हणा आणि पुढे व्हा."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"तू अतिदक्षतावाली. आम्हाला वाटलं, तुला तरी लागेल..." तिचा आवाज उतरला. "मला वाटत होतं, तुला लागावी."

मी गाडीत बसून घरी आले.

पण मला गप्प बसवेना. बर्फ वितळू लागलं तशी एके दुपारी मी त्यांच्या घरी गेले. गाव एवढंसं, टोरविक कुठे राहतात ते कुणीही सांगितलं असतं. चर्चच्या मागच्या गल्लीतलं पिवळं घर. दार एका म्हातारीनं उघडलं. नव्वदीची असेल, कमरेत वाकलेली, पण डोळे लख्ख. मला वाटलं आई.

"मिस्टर टोरविक आहेत? मी विद्यापीठातली..."

"ये गं, ये. मी सिग्ने. हाल्वर गॅरेजात आहे." तिनं मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे केला. "लग्नात तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. आता दुकानात लोक विचारतात, मुलगा का?" ती हसली. मला हसू आलं नाही.

"मिसेस टोरविक, त्यांना नाडी नाही."

"ठाऊक आहे की." तिनं पावावर लोणी लावलं. "त्याची बोट बर्फाच्या वादळात बुडाली तेव्हापासून नाही. सगळ्यांना बाहेर काढून याच विद्यापीठाच्या दवाखान्यात ओळीनं ठेवलं होतं. एक शिकाऊ मुलगी होती, दमलेली, रडवेली. तिनं याचं मनगट धरलं आणि घाबरून काहीतरी आकडा सांगून टाकला. हा उठून बसला. बाकीच्यांच्या वेळी तिनं खरं सांगितलं."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी कप खाली ठेवला.

"तेव्हापासून कुणी ना कुणी म्हणावं लागतं. शिकलेल्या माणसानं, मनगट धरून. माझ्या म्हणण्यानं होत नाही, मी करून बघितलं. म्हणून तर तो तिकडे येतो. पण उन्हाळ्यात शाळा बंद असते गं. फार कठीण जातात ते महिने. खुर्चीतून उठवत नाही त्याला." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात उबदार होता. "तू इथेच राहतेस. अधूनमधून येशील?"

"मी असलं काही करणार नाही," मी उठलेच. "खोटं आहे हे. मी यासाठी नाही शिकले."

तेवढ्यात गॅरेजचं दार उघडून ते आत आले. राखेसारखा चेहरा, पाय ओढत. माझ्याकडे बघितलं आणि बाही वर केली.

तुला सांगते, किती जणांच्या छातीवर मी हात भरून येईपर्यंत दाब दिलेत! तरणी पोरं होती, लेकुरवाळ्या होत्या. सगळी औषधं, सगळी यंत्रं, सगळं ज्ञान ओतलं आणि शेवटी चादर ओढली. आणि इथे नुसत्या एका खोट्या आकड्यानं... कसला राग आला मला. पण म्हातारी माझ्याकडे बघत होती. मी मनगट धरलं.

"बहात्तर," म्हणाले.

तिथे, दुपारच्या उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत रंग चढला. ओठांना, मग गालांना. त्यांनी खोल श्वास घेतला आणि पाव मागितला.

मे महिन्यात पदवी मिळाली. वेसनं अंगणात शेगडी पेटवून सगळ्या गोदीला जेवू घातलं. हॅडलींनी व्यासपीठावर माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "सगळ्यांत अवघड परीक्षा तुम्ही दिलीत." मला तिथेच त्यांना विचारायचं होतं, तुम्हीच का ती शिकाऊ मुलगी? पण वय जुळत नव्हतं, तेव्हा त्या शाळेतच असतील, आणि मागे रांग उभी होती.

जूनभर मी जात राहिले. वैतागत, स्वतःला बोल लावत, पण जात राहिले. गाडीत बसून दर वेळी म्हणायची, ही शेवटची खेप. खिडकीत सिग्ने वाट बघताना दिसली की पाय आपोआप उतरायचे.

मग जुलैतली ती दुपार. असा उकाडा की रस्त्याचं डांबर बुटांना चिकटत होतं. सिग्नेनं दार उघडलं. आज तिनं ठेवणीतला झगा घातला होता. डोळ्यांत मात्र पाणी.

"रागावू नकोस," ती कुजबुजली. "हाल्वरनं कुणाला तरी सांगितलं असणार... मी नाही बोलावलं गं त्यांना."

आत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. एकाच वेळी, पुष्कळ खुर्च्यांचा.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत थंडी होती, माझ्या तोंडातून वाफ निघाली. टेबलाभोवती, भिंतीला टेकून, सिंकपाशी, मागच्या दारापर्यंत माणसं उभी होती. बोटीवरचे जाड कोट, लोकरीच्या टोप्या. प्रत्येकानं डावी बाही कोपरापर्यंत गुंडाळली होती. आणि त्यांच्या बुटांवर बर्फ होतं, नुकतंच पडल्यासारखं भुसभुशीत, न वितळणारं.

सगळ्यांत पुढे एक बाई होती. तिच्या अंगावर बोटीवरचा कोट नव्हता. आमच्या इस्पितळाचा, निळा, हल्लीच्याच शिवणीचा गणवेश होता, म्हणजे ती बोटीवरची नव्हती, अलीकडेच गेलेली कुणी. मी तिला ओळखत नव्हते, अजूनही ओळखत नाही.

तिनं उघडं मनगट माझ्यापुढे धरलं आणि माझं नाव घेतलं.