न विचारलेला रकाना

अतीक शेखच्या टेबलावरून गेलेला फॉर्म चुकीमुळे कधी परत येत नाही, हे सोलापूरच्या आरटीओ ऑफिससमोर बसणारे बाकीचे एजंटही मान्य करत, आणि मान्य करताना त्यांच्या पोटात थोडं दुखत असे. अकरा वर्षं तो त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसत होता. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, डोक्यावर खडखडणारा पंखा आणि समोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. गिऱ्हाईक नीट टेकायच्या आत त्याचं नाव, गाव, रक्तगट स्क्रीनवर उतरलेला असे. लर्निंग असो, पक्कं लायसन असो की नूतनीकरण, सहा मिनिटांत माणूस मोकळा.

या सहा मिनिटांचं एक गुपित होतं. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदानास तयार आहात का? होय किंवा नाही. सुरुवातीला अतीक हा प्रश्न इमानेइतबारे विचारायचा. मग एकदा जावयाबरोबर आलेल्या एका सासऱ्याने "आमचं जावई गाडी चालवाया आल्यात, मराया न्हाय," म्हणून चारचौघांत त्याची हजेरी घेतली. त्या दिवसापासून अतीकने विचारणं सोडलं. बोट आपोआप 'नाही'वर जायचं. शेडमधले सगळे तसंच करत. यात कुणाचं काही बिघडत नाही असं त्याचं मत होतं आणि ते पक्कं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, भर दुपारी, गोजरबाई आली. मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातून एसटीने आलेली, साठी ओलांडलेली बाई. पदराची गाठ सोडून तिने एक लायसनचं कार्ड टेबलावर ठेवलं. फोटोतला तरुण तिचा मुलगा, अभिमन्यू. चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. नोव्हेंबरात हायवेवर मोटरसायकल घसरली आणि तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.

"डाक्टर म्हनले, काळीज चालतंय पर पोरगं गेलंय," ती म्हणाली. "अवयव देता का म्हनले, चार जनं वाचतील. मी व्हय म्हननार हुते. त्यानंच मला सांगितलं हुतं, आई, लायसन काढताना इचारत्यात, मी व्हय म्हननार हाय. पर त्याच्या चुलत्यानं ह्ये कार्ड दावलं. हितं न्हाय हाय म्हनले. मग मी बी न्हाय म्हनले."

"आता त्यात बदल होत नाही मावशी."

"बदल नगं. येवढंच सांगा, त्यानं खरंच न्हाय म्हनलं हुतं का? मला एक सांगून हितं दुसरंच लिवलं का? माझ्यासंगं कदी खोटं बोलला न्हाय त्यो."

अतीकला तो मुलगा आठवत नव्हता. पण त्याला काय विचारलं नव्हतं, ते मात्र तो शपथेवर सांगू शकला असता.

"आम्ही विचारल्याशिवाय काही भरत नाही," तो म्हणाला. "तोच नाही म्हणाला असेल. माणसाचं मन बदलतं, मावशी."

आवाज जराही हलला नाही, याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं. "बरं," गोजरबाई म्हणाली, कार्ड पुन्हा गाठीत बांधलं आणि उन्हात निघून गेली.

त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलंच वाईट वाटलं. म्हणून तर त्याने ठरवलं, उद्यापासून प्रत्येकाला विचारायचं.

मंगळवारी पहिली आली ती सृष्टी नावाची कॉलेजातली मुलगी, लर्निंगसाठी. त्या रकान्याशी येताच अतीकने हात थांबवला आणि प्रश्न वाचला.

तिने मोबाइलमधून मान वर केली. "सांगितलं की आत्ता. होय."

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच. बाहेर, लिंबाखाली."

शेडमधल्या कुणीतरी चेष्टा चालवली असणार, असं म्हणून अतीक हसला. दुसरा आला, तोही तेच बोलला. तिसऱ्याने वैतागून विचारलं की एकच गोष्ट किती वेळा विचारता. बारा वाजेपर्यंत सात जण झाले. सातही जणांचं उत्तर होय होतं.

अतीक उठून बाहेर गेला. लिंबाखाली बडेसाब चाचांचा उसाच्या रसाचा गाडा, बाकी कुणी नाही.

"चाचा, यहाँ कौन खडा है सुबह से?"

"कौन बोले तो? तूच था ना अब्बी. एक-एक को रोक के पूछ रहा था."

"मैं तो अंदर बैठा हूँ."

बडेसाबने हातातला ग्लास धुऊन उपडा ठेवला. "मैं बी सोचा," तो हळूच म्हणाला. "तू सलाम करे बगैर जाता नै मेरे को. आज देखा बी नै."

बुधवारी सकाळी अक्कलकोटहून फोन आला. वीरभद्रप्पा, म्हातारे ट्रक ड्रायव्हर. "अतीकभाई, काल एवढ्या लांब घरापर्यंत आलात, आणि उभ्या उभ्या विचारून गेलात. रात्री विचार केला. माझं होय लिहा." दहाच मिनिटांनी भवानी पेठेतल्या महेश्वरीबाईंचा. त्यांच्याकडेही काल अतीक गेला होता. त्यांचंही होय.

काल दिवसभर तो शेडमधून हलला नव्हता. त्याला सगळे साक्षीदार होते.

अतीक घाबरट नव्हता. त्याने कपाटातून गिऱ्हाइकांच्या नावांची वही काढली. अकरा वर्षांची नावं आणि मोबाइल नंबर, आली त्या क्रमाने. पहिलं नाव वीरभद्रप्पांचं होतं. दुसरं महेश्वरीबाईंचं. तिसऱ्या नावाला त्याने स्वतः फोन लावला. हो, काल येऊन गेलात की. विसावं नाव, तेच. मग त्याने चाळिसाव्या पानावरचा नंबर फिरवला. नाही, आमच्याकडे कुणी आलं नाही, का हो? पानं मागेपुढे करत संध्याकाळपर्यंत त्याने रेघ नेमकी पकडली. एकतिसाव्या पानापर्यंत कुणीतरी पोचलं होतं.

गुरुवारी ते ऐंशीव्या पानावर होतं.

वही सरळ चालली होती, एकही नाव न गाळता, आणि विचारणाऱ्याला घाई होती. अतीकने अभिमन्यूचं नाव शोधलं. चार वर्षांपूर्वीचं, एकशे चौदावं पान, वरून पाचवी ओळ. हिशेब सोपा होता. उद्या.

खरी गोष्ट सांगायची तर त्याला त्या दुसऱ्याची भीती फारशी वाटली नाही. राग आला. त्या बाईला जे सांगायचं ते आपण सांगायचं होतं. तिच्या पोराला आपण खोटं ठरवलं, तोंडावर, न अडखळता. ते निस्तरायचं तर आपणच, आपल्या तोंडाने. दुसऱ्या कुणी आपला चेहरा लावून जायचं काही काम नाही.

शुक्रवारी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचं टेबल बंद राहिलं. साडेसातला, निघण्याआधी, त्याने अभिमन्यूच्या वरच्या चारही नावांना फोन केले. चौघांकडेही कुणी आलेलं नव्हतं. म्हणजे आपण पुढे आहोत. त्याने मोटरसायकलला किक मारली.

रस्ता मोकळा होता. बेगमपूरचा पूल ओलांडला तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं, आणि मग दोन्ही बाजूंना काळ्या रानात काढणीला आलेली ज्वारी. अतीक वाक्य घोटत होता. मावशी, त्याने नाही म्हटलं नव्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं. दोनच वाक्यं. त्याला खात्री होती, ती नीट बोलली जातील.

गावात घर विचारावं लागलं. ज्याला विचारलं त्याने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि बोट दाखवलं.

गोजरबाई दारातच बसली होती. त्याला बघून ती दचकली नाही.

"काय इसरलं का भाऊ?"

"मावशी, मला काही सांगायचंय. तो रकाना..."

"सांगितलं की समदं." तिचा चेहरा सोमवारपेक्षा कितीतरी मोकळा दिसत होता. "इचारलंच न्हवतं म्हनलात. माझी चूक म्हनलात, हात जोडलंत. लई हलकं वाटलं बगा. उगंच पोराला लबाड समजत बसले हुते."

अतीकची दोन्ही वाक्यं तोंडातच राहिली.

"कधी?" त्याने विचारलं. "मी कधी आलो होतो?"

"आत्ताच की. धा मिन्टं बी झाली न्हाईत."

वरचे चौघे तसेच राहिले होते. त्या दुसऱ्याने रांग मोडली होती.

"आन् मग तुमी त्याला इचारलं," गोजरबाई म्हणाली.

"कुणाला?"

तिला या प्रश्नाचं नवल वाटलं. "ज्याला इचारायचं ऱ्हायलं हुतं, त्याला. व्हय म्हनला. लगीच म्हनला."

अतीकने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीलगत घोंगडी अंथरली होती. घोंगडीवर चहाचे दोन कप होते. एक भरलेला, साय धरलेला. दुसरा तळापर्यंत संपलेला.

"तुमचा तसाच गार झाला," ती उठत म्हणाली. "या, दुसरा ठेवते."

मग ती आतल्या बाजूला वळली, आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"अभ्या, सरक जरा. भाऊ परत आल्यात."

घोंगडीची एक कड सुरकुतली, आणि भिंतीशी एका माणसापुरती जागा झाली.