सायीच्या रंगाचं मांजर

"पेशंट कुठे आहे?" बिट्टीने मान वर न करताच विचारलं.

समोरचा माणूस गडबडला. त्याच्याजवळ ना कुत्रा, ना पोपट. खांद्याला एक बॅग तेवढी होती.

"पेशंट... तुमचा कॉम्प्युटर आहे," तो म्हणाला.

बिट्टीने वर पाहिलं आणि तिथेच घोटाळा झाला. तसे त्याचे डोळे काही फार विशेष नव्हते. पण ते आधी हसायचे, आणि ओठ मागून, जरा उशिरा पोहोचायचे. एवढ्यावर कुणी प्रेमात पडतं का, असं विचारू नका. पडतात. बिट्टी पडली.

जनावरांचा हा दवाखाना तिच्या आत्याचा. आत्या आत औषधपाणी करणार, आणि बिट्टीने बाहेरच्या टेबलावर बसून नंबर लावायचे, नावं लिहायची, भुंकणाऱ्यांना आणि त्यांच्या मालकांना शांत करायचं. आता सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर होणार, असा आत्याने फतवा काढला आणि त्यासाठी लागणारे फॉर्म बनवायला हा आला. आत्या त्याला फॉर्मवाला म्हणायची. बिट्टीही मनातल्या मनात तेच म्हणू लागली, तोंडावर मात्र 'अहो, सर'.

तो यायचा, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचा. दवाखान्याचं पांढरं मांजर प्रिंटरवर पसरलेलं असायचं. कागद छापायचा झाला की तो आधी त्या मांजराची परवानगी मागायचा. बिट्टी त्याला स्वतःच्या मोठ्या मगमधून चहा द्यायची. "बसा" म्हणायची, "झालं का" म्हणायची. बस्स. आत काळीज धडधडत असलं तरी चेहरा कोरा करकरीत. लोक आपल्याला उथळ म्हणतील, या धास्तीने ती लहानपणापासून अशीच वागत आली होती.

आणि आज त्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, उद्या सकाळी तो निघणार होता. आज बोलायचं नाहीतर कधीच नाही, हे बिट्टीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच की काय, सकाळपासून ती कामाशिवाय एक शब्द बोलली नव्हती.

काम म्हणाल तर सगळं आटोपलं होतं. राहिलं होतं फक्त ते पांढरं खोकं. फॉर्म होता फिकट निळा आणि त्याच्या कोपऱ्यात दवाखान्याचा लोगो— पंजाला लाल पट्टी बांधून ऐटीत बसलेलं पांढरं मांजर. बिट्टीनेच काढलेलं, प्रिंटरवरच्या त्या आळशाला समोर बसवून. पण मांजराच्या मागे पांढरा चौकोन यायचा, निळ्या शर्टाला ठिगळ लावावं तसा.

"मी काल चित्राभोवतीच्या चौकटीचं सेटिंग बदललं," बिट्टी म्हणाली. "पारदर्शक केलं. तरी खोकं आहेच."

"चौकट झाली की पारदर्शक. पण पांढरं चौकटीत नाहीये, चित्रातच आहे. तिथून काढावं लागेल."

"म्हणजे माझी खटपट फुकट गेली."

"फुकट कशी? निम्मं काम तुम्हीच केलंत." डोळे हसले. ओठ अजून वाटेत होते. बिट्टीने घाईघाईने कीबोर्ड पुसायला घेतला.

त्याने चित्र उघडलं, मशिनला सांगितलं की पांढरं असेल तेवढं काढून टाक, आणि चित्र परत फॉर्मवर ठेवलं. खोकं गेलं.

आणि मांजरही गेलं. उरल्या काळ्या रेघा, मिश्या, दोन डोळे आणि ती लाल पट्टी. पोटातून फॉर्मचा निळा रंग आरपार दिसत होता.

नेमकी आत्या हातमोजे काढत बाहेर आली. "अरे, माझं मांजर कुठे गेलं?"

"विरघळलं, डॉक्टर," तो ओशाळून म्हणाला. "पांढरं काढ म्हटलं, आणि मांजरही पांढरंच..."

"मी जनावरं बरी करते आणि तू गायब करतोस? नीट होत नसेल तर राहू दे ते खोकं. जाता जाता डोक्याला ताप नको करून घेऊ." आणि ती पुढच्या सशाला घेऊन आत गेली.

राहू दे म्हटल्यावर तो निघून जाणार. बिट्टीने पटकन प्रिंटरकडे पाहिलं. मांजर उन्हात लोळत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "हे बघा ना... खरं मांजर कुठे एवढं पांढरं आहे? सायीसारखं आहे. जरासं पिवळट."

त्याने मांजराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि माऊस तिच्यापुढे सरकवला. मूळ चित्र पुन्हा उघडून बिट्टीने मांजराच्या अंगात हलकासा सायीचा रंग भरला. त्याने पुन्हा पांढरं काढलं. या वेळी खोकं गेलं आणि मांजर जागच्या जागी बसून राहिलं.

"नुसत्या डोळ्यांना फरक कळणारही नाही," तो म्हणाला. "पण मशिनला कळला."

त्याने बॅगेची चेन लावायला घेतली.

"आधी का नव्हतं कळलं त्याला?" तिने विचारलं.

"मागच्या पांढऱ्यात आणि मांजरात काही वेगळं नव्हतंच ना. सगळं सारखंच कोरं."

"मग मीही तेच केलंय." आता थांबणं नव्हतं. "सगळ्यांना 'बसा', तुम्हालाही 'बसा'... तुम्हाला तरी कसं कळणार? म्हणून सांगून टाकते— तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून."

चेन अर्ध्यात थांबली.

"तो मोठा मग," तो म्हणाला. "मला वाटायचं सगळ्यांनाच देता."

"बाकीच्यांना लहान कप."

"मी मूर्ख आहे."

"थोडेसे."

या वेळी ओठांना उशीर झाला नाही. पण तेवढ्यात दारात दोन कुत्री एकमेकांवर धावून आली, बिट्टी त्यांना आवरायला धावली, आणि गर्दी पांगेपर्यंत त्याची जायची वेळ झाली. "येतो" एवढंच म्हणाला. ना पत्ता, ना कबुली. बिट्टीला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

ती येऊन फॉर्मसमोर बसली. निळ्यावर मांजर झोकात बसलं होतं. आणि मग तिला दिसलं— डाव्या कानामागे एक बारीकशी पांढरी कड राहिली होती. तिने लगेच फोन लावला.

"अहो, कानामागे थोडं पांढरं राहिलंय."

"माहितीये," तो म्हणाला. मागे रस्त्याचा आवाज येत होता. "तू कुत्री आवरत होतीस ना, तेव्हाच मुद्दाम ठेवलं. रविवारी येऊन काढतो."

बिट्टीच्या कानात ते 'तू' बराच वेळ राहिलं. "आणि ते काढून झाल्यावर?"

"दुसरा कान आहे."