केस्लरच्या ट्रॅक्टरचे पॉइंट

अर्जेंटिनातल्या आमच्या एन्त्रे रिओस प्रांताच्या या भागात पेट्रोलचे जुने ट्रॅक्टर दुरुस्त करणारी बाई मी एकटीच. माझ्या हातून गेलेलं इंजिन त्याच दुखण्यासाठी कधी परत आलेलं नाही. हे मी मुद्दाम मिरवून सांगते, कारण म्हातारा होनोरिओ केस्लर मला भर बाजारात म्हणाला होता, "देल्मिरा, बाईच्या हाताला इंजिन दाद देत नसतं. जा, माते चहासाठी पाणी तापव."

केस्लरला जाऊन अकरा वर्षं झाली. या मार्चमध्ये गावाची शंभरी होती आणि मिरवणुकीच्या पुढे त्याचाच ट्रॅक्टर हवा, असं ठरलं. गावात आलेला पहिला ट्रॅक्टर तो. त्याची बायको, डोन्या एर्मेलिंडा, स्वतः चालत माझ्याकडे आली.

"तुला सोडून कुणाला सांगू, पोरी?"

गुरुवारी सकाळी तिनं शेडचं कुलूप काढलं. आत जुन्या पोत्यांचा वास होता. मी नवी बॅटरी जोडली, प्लगची वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि स्टार्टर मारला. ठिणगी नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, तर पॉइंट, म्हणजे टेकून-सुटून ठिणगी पाडणारे दोन छोटे धातूचे ठिपके, जळून काळे पडलेले. ते बदलले, कंडेन्सर बदलला. तरी नाही. शेवटी कॉइल तपासली. आतली तार तुटलेली. माझ्याकडची कॉइल लावली आणि निळी, जाड ठिणगी कडकन उडाली. इंजिन धडधडलं. डोन्या एर्मेलिंडा रडली नाही, नुसती हसली.

शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना. झाकण उघडलं. पॉइंट इतके फाकलेले, की एकमेकांना टेकतच नव्हते. स्क्रू ढिला राहिला असेल, असं म्हणून मी मापाची गेज पत्ती घालून पॉइंटमधला गॅप पुन्हा लावला, स्क्रू आवळला आणि त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडला. स्क्रू फिरला, तर थेंब तडकणार.

शनिवारी थेंब अखंड होता. पॉइंट फाकलेले होते.

"शेडमध्ये कोण येतं?" मी विचारलं.

"किल्ली माझ्या गळ्यात आहे." डोन्या एर्मेलिंडा दारातच उभी राहिली, आत आली नाही. "होनोरिओला ट्रॅक्टरला कुणी हात लावलेला चालायचा नाही. मलासुद्धा नाही."

ती घरात गेल्यावर मी थेंब खरवडला आणि गॅप लावायला वाकले. पाना माझ्या हाताविरुद्ध जात होता. जोरात नाही, समोरून कुणीतरी तोच पाना धरावा, तसा.

मला भीती वाटली, हे खरं. पण राग जास्त आला.

"हे बघा केस्लर," मी रिकाम्या शेडमध्ये मोठ्यानं म्हणाले, "उद्या अख्खं गाव रस्त्यावर येणार आहे. काम मी केलंय आणि ते चोख केलंय. चूक असेल तर दाखवा. नसेल तर बाजूला व्हा."

मी पाना सोडला नाही.

मग पाना हलका झाला.

रविवारी सकाळी मी ट्रॅक्टर धुऊन पुसला. पहिल्याच झटक्याला तो सुरू झाला. मागे जोडलेल्या गाडीत डोन्या एर्मेलिंडा आणि गावातली म्हातारी मंडळी. ट्रॅक्टरवर मी एकटी. कच्च्या रस्त्याची धूळ डोक्यापर्यंत उडत होती. इंजिन एकदाही अडखळलं नाही. लोक माझं नाव घेऊन ओरडत होते, आणि मी मान ताठ ठेवून चालवत होते.

दुपारी शेडमध्ये येऊन इंजिन बंद केलं. झाकण उघडून पाहिलं. गॅप मी लावला तसाच, केसभरही फरक नाही.

मग पुसायला फडकं घेतलं. बॉनेट, चाकं, माझे बूट, सगळ्यांवर बोटभर धूळ होती. फक्त डाव्या मडगार्डवर माणूस बसेल एवढी जागा सकाळी पुसली होती तशीच लख्ख होती. आणि तिच्या कडेला, धुळीत, घट्ट धरलेल्या चार बोटांचे ठसे.