तिसऱ्या हाकेनंतर

“इथून वाचा,” चष्मेवाल्यानं तिच्या हातात एक कार्ड दिलं. “मोठ्यानं. घाई नाही.”

तिला घाई होती. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं संपली होती. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायची आणि आठवडाभरापासून तिला एकीच्या दोन दिसायला लागल्या होत्या. लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगं, तू अशीच मोजत राहिलीस तर धडधाकट माणसं आजारी ठरतील. आधी डोळे दाखव!” म्हणून रस्ता ओलांडून समोर जे पहिलं चष्म्याचं दुकान दिसलं, त्यात ती शिरली होती. नाकावर ती जड, गोल, चाचणीची फ्रेम. आरशात आपण घुबडासारख्या दिसतोय हे तिला मघाशीच कळलं होतं.

तिनं वाचायला सुरुवात केली.

“एका घरात एक आई आणि तिची मुलगी राहत होती. आई रोज कामाला जायची. जाताना सांगायची, बाहेर आवाजखाऊ फिरतो. तो माझ्या आवाजात हाक मारेल. पण त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी हाक आली, तरच दार उघड...”

अक्षर ओळीगणिक बारीक होत चाललं होतं. तिचा आवाजही.

“एक दिवस पहिली हाक आली. मुलगी गप्प. दुसरी आली. मुलगी गप्प. मग तिसरी आली, पण मुलगी इतकी घाबरली होती, की तिनं दार उघडलंच नाही...” ती थांबली.

“इथून दिसत नाही का?” त्यानं भिंगांच्या पेटीकडे हात नेला.

“दिसतंय. पण चुकलंय.”

“नंबर?”

“गोष्ट!” ती खुर्चीत ताठ बसली. “ती दार उघडते. तिसऱ्या हाकेला ती दार उघडते आणि बाहेर आई नसतेच. आवाजखाऊ तोवर तीनपर्यंत मोजायला शिकलेला असतो.”

चष्मेवाला हातातलं भिंग तसंच धरून तिच्याकडे बघत राहिला. पस्तिशीचा असेल. दुसऱ्यांना चष्मे लावणाऱ्या या माणसाला स्वतःला चष्मा नव्हता, त्यामुळे त्याचं बघणं अगदी थेट यायचं.

“तीन वर्षं हे कार्ड लोकांना वाचायला देतोय,” तो हळूच म्हणाला. “ही गोष्ट आधीपासून माहीत असलेलं माणूस आज पहिल्यांदा भेटलं.”

“पण लोकांना असलं भयंकर का वाचायला देता?”

“कंपनीच्या कार्डावर नदीचं वर्णन होतं. दुसऱ्या ओळीला लोक जांभया द्यायचे. जांभई दिली की डोळ्यांत पाणी, आणि पाणी आलं की नंबर चुकतो. ही गोष्ट दिली, तर शेवटची बारीक ओळसुद्धा जीव तोडून वाचतात. तुम्ही मात्र ती वाचलीच नाहीत.”

तिनं कार्ड नाकाशी नेऊन शेवटची ओळ वाचली. चौथी हाक आली, पाचवी आली, मग हाका थांबल्या. सकाळी मुलीनं दार उघडलं, तर पायरीवर आईची एकच चप्पल होती.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“तुमचा शेवट जास्त वाईट आहे,” ती म्हणाली.

“आणि मला तुमचा वाटतोय,” तो म्हणाला. “चष्मा शुक्रवारी मिळेल.”

शुक्रवारी ती गेली. त्यानं चष्मा तिच्या डोळ्यांवर ठेवला, बाजूला वाकून कानामागे काडी नीट बसते का ते बोटानं चाचपलं. त्याचं काम होतं ते, दिवसातून दहा वेळा करत असेल. तरी तिचा तो कान उगाचच गरम झाला.

“टोचतंय?”

“नाही... म्हणजे, थोडंसं.”

खरं तर अजिबात टोचत नव्हतं.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. एक निवृत्त मास्तर आणि एक जाडजूड बाई. चष्मेवाल्यानं ‘यांना गोष्टीचा दुसराच शेवट माहीत आहे’ एवढं म्हणायचा अवकाश, तिथं सभाच भरली. मास्तर म्हणाले, ही गोष्ट मुलांना अंक शिकवण्यासाठी रचलेली असणार, यात घाबरण्यासारखं काही नाही. चष्मेवाला म्हणाला, “एक बसड्रायव्हर येतात, ते दर वेळी चिडतात. म्हणतात, त्या पोरीला खिडकीतून बघायला काय धाड भरली होती!” सगळे हसले. मग त्या बाई म्हणाल्या, “मी सांगते, चूक आईची. पोरीला एकटं टाकून जातेच कशी ही बया?”

“पोट भरायला जाते,” ती एकदम म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा चढला होता. “माझी आई नर्स होती. घरात आम्ही दोघीच. तिनं काय करायचं होतं?”

बाई ओशाळल्या. चष्मेवाल्यानं तिला पाण्याचा पेला दिला आणि बाईंना भरभर चार फ्रेमा दाखवून विषय बदलला. जाताना तो दारापर्यंत आला. “त्या बाईंचं मनावर घेऊ नका. अन् काडी सैल वाटली तर या. त्याचे पैसे पडत नाहीत.”

काडी मंगळवारी सैल झाली. मग पुढच्या सोमवारी, मग परत गुरुवारी. दर खेपेला तो बारीकसा स्क्रू घट्ट करायचा. एवढं काम अर्ध्या मिनिटात व्हायचं आणि तिची जेवणाची सुट्टी तिथंच संपायची. कधी तो तिच्या आईबद्दल विचारायचा, कधी ती त्याला सांगायची की पांढऱ्या पेशी काचेखाली किती देखण्या दिसतात. पाचव्या खेपेला त्यानं स्क्रू उजेडात धरून पाहिला.

“लॅबवाल्या बाई, एक विचारू? या स्क्रूच्या डोक्यावर चिमट्याचे ओरखडे आहेत.”

“असतील,” ती काचेच्या कपाटाकडे बघत म्हणाली.

“हा आपोआप सैल होत नाही.”

“नसेल होत.”

“नाही, मला काय... दर वेळी लॅबमधला चिमटा घेऊन खटपट करायची, त्यापेक्षा नुसतं आलात तरी चालेल.”

ती हसली. तोही हसला. बाहेर सरी पडत होत्या, दुकानाच्या काचेवरून पाण्याच्या रेघा ओघळत होत्या आणि त्या दिवशी ती लॅबमध्ये पंचवीस मिनिटं उशिरा पोचली. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि नुसतं हसून पुढची काच तिच्यासमोर सरकवली.

मग काम सुटल्यावर दोघं बरोबर चालायला लागले. नदीवरच्या पुलापर्यंत आणि परत. एका संध्याकाळी पुलाच्या कठड्याला टेकून त्यानं स्वतःचं सांगितलं.

“मी नऊ वर्षांचा होतो. आई बाबांशी भांडून मावशीकडे गेली होती. गोष्ट मला आत्यानं सांगितली, त्याच दिवसांत. एका दुपारी दारावर थाप पडली. आईचा आवाज. मी घरात एकटाच होतो. मला कळलं होतं की आईच आहे. पण मी रुसलो होतो. म्हटलं, मारू दे हाका. तीन झाल्या, चार झाल्या... आणि ती गेली.”

“मग?”

“चार दिवसांनी आली परत. कुणाला काही झालं-बिलं नाही. आजही ठणठणीत आहे, रोज फोन करते, जेवलास का विचारते.” तो हसला, पण अर्धंच. “त्या चार दिवसांत मात्र मला कळलं, की बाहेर कोण असेल यापेक्षा आपण दार न उघडणं भयंकर असतं. आत्यानं शेवट तसाच सांगितला होता, की मीच तो तसा ऐकला, आता सांगता यायचं नाही.”

तिला त्याचा हात धरावासा वाटला. तिनं कठडा धरला.

“म्हणून आज विचारून टाकतो,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “मला तुमच्याबरोबर राहायला आवडेल. स्क्रूशिवाय. रोज. लग्न करूनच म्हणतोय मी. तुम्हाला... काय वाटतं?”

किती साधं विचारलं होतं त्यानं! पण ती कठड्यापासून मागे सरकली. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. त्या माणसाचा आवाज मधासारखा होता. आठ महिने ती त्या आवाजावर भाळलेली होती, आणि मग कळलं की त्याच आवाजात, त्याच शब्दांत, तो आणखी एकीशी बोलत होता. तेव्हाही तिला पहिल्यांदा तीच गोष्ट आठवली होती. बघ, उघडलंस ना दार?

“मला विचारू नका हो असं,” ती म्हणाली. “मला जमणार नाही.” आणि ती जवळजवळ पळतच निघाली.

तीन आठवडे ती रस्त्याच्या त्या बाजूला फिरकली नाही. चष्म्याची काडी आता खरोखरच सैल झाली होती. तिनं दोरा गुंडाळून काम भागवलं. चष्मेवाल्याचा एकही फोन आला नाही. विचारू नका म्हटलं तर त्यानं खरंच विचारलं नाही. तिला याचाही राग आला आणि रागाचं हसूही आलं.

रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. पाय सुजतात म्हणून एक पाय स्टुलावर. तीस वर्षं वॉर्डात उभं राहून काढलेली बाई, निवृत्त झाली तरी पहाटे साडेपाचला उठायची.

“आई, ती आवाजखाऊची गोष्ट मला का सांगायचीस गं?”

“अगोबाई, ती अजून आठवते तुला?” आईचे हात थांबले नाहीत. “शाळेला सुट्टी असली की तू घरी एकटी. कुणी येईल, आईनं बोलावलंय म्हणेल, तू आपली भाबडी... वॉर्डात माझा जीव लागायचा नाही. दाराला कडी होती, पण कडी काढणारी तर तूच होतीस ना? म्हणून सांगायचे.”

“पण इतका भयंकर शेवट? आठ वर्षांच्या पोरीला?”

“कसला शेवट?”

“तो तीनपर्यंत मोजायला शिकतो... ती दार उघडते... आणि तो तिला...”

आता आईचे हात थांबले. तिनं लेकीकडे नीट बघितलं.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“तूच!”

“मी नाही गं बाई. मी शेवटापर्यंत कधी पोचलेच नाही. सकाळची ड्युटी करून दोनला घरी यायचे, तुला कुशीत घेऊन आडवी व्हायचे, दुसऱ्या हाकेपर्यंत यायचे आणि माझाच डोळा लागायचा. उठायचे तेव्हा तू टक्क जागी. मला वाटायचं, पोरीला झोप कशी येत नाही!”

मटाराचा एक दाणा घरंगळत जमिनीवर गेला. तो कुणी उचलला नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती खोली आली. पडद्यातून येणारं दुपारचं पिवळं ऊन, शेजारी आईचा संथ श्वास, आणि अर्ध्यावर राहिलेली गोष्ट एकटीनं पुढे नेणारी एक मुलगी. आपण तो शेवट ऐकला नव्हता. केला होता.

“मग खरा शेवट काय आहे?” तिनं विचारलं.

“माझी आई सांगायची, तिसऱ्या हाकेला मुलगी दार उघडते, बाहेर आईच असते. मग दोघी जेवतात आणि झोपतात.”

“ही कसली गोष्ट? यात काहीच होत नाही.”

“दमलेल्या बायकांची गोष्ट आहे ती,” आई परत शेंगा सोलायला लागली. “त्यांना काही व्हायला नकोच असतं.” मग जरा वेळानं, वर न बघता, “त्या चष्मेवाल्यानं काही विचारलं होतं का तुला?”

“तुला कुणी सांगितलं?”

“चष्म्याला दोरा गुंडाळून हिंडतेस इतके दिवस. मी काय आंधळी आहे?”

सोमवारी ती जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबली नाही. डॉक्टरीणबाईंना ‘आलेच’ म्हणाली आणि पांढरा कोट तसाच अंगावर ठेवून रस्ता ओलांडला.

खुर्चीत एक आजोबा बसले होते. एका डोळ्यावर काळी झाकणी, दुसरा डोळा भिंतीवरच्या तक्त्याला लावलेला. चष्मेवाला भिंगं बदलत होता. ती दिसली तसा त्याचा हात हवेतच राहिला.

“काडी?” त्यानं विचारलं. थोडा उतरला होता चेहरा.

“काडी नाही.” तिला धाप लागली होती. “तो शेवट आईनं सांगितलेलाच नाही. ती अर्ध्यात झोपून जायची. पुढचं सगळं मी केलं, माझ्या मनानं. आठ वर्षांची होते. आणि तेव्हापासून मला वाटतंय, गोष्ट तशीच असते.”

आजोबांनी तक्त्यावरची नजर हळूच खाली आणली.

“भीती गेलेली नाही,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? कदाचित जाणारही नाही. मी मधूनच गप्प होईन, उगाच संशय घेईन, पुलावरून पळून जाईन... तेव्हा समजून घ्यावं लागेल. पण ती भीती माझी आहे. तिची शिक्षा दुसऱ्या कुणाला का?”

“मी थांबेन की,” तो म्हणाला. एवढंच. आवाजात मध वगैरे काही नव्हतं, उलट आवाज जरा खरखरीतच होता.

“आजोबा,” तिनं अवघडून खुर्चीकडे बघितलं, “माफ करा हं, तुमचा नंबर...”

“माझं काही नाही, पोरी,” आजोबा म्हणाले. “हा दुसरा डोळाही झाकून घेऊ का?”

ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. चष्मा धुरकटला. तो दोन पावलं पुढे आला, तिच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला, तो दोरा बघून मान हलवली आणि आपल्या शर्टाच्या टोकानं काचा पुसायला लागला. चष्म्याशिवाय तिला तो नीट दिसतही नव्हता. निळ्या शर्टाचा एक पुसट आकार, फार जवळ.

“तू विचारलं होतंस ना,” ती त्या आकाराला म्हणाली, “मला काय वाटतं?”

काचा पुसणारा हात थांबला.

“काय म्हणालात? तू?”

“ऐकलंस ते,” ती म्हणाली. “मला हो वाटतं.”