हौसाची तार

कोल्हापूरच्या मयूरध्वज स्टुडिओच्या प्रयोगशाळेत शालनबाई पोवारांनी नवा चित्रपट दाखवणारं डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि टेबलावर आपटलं.

"हे खोटं हाय," त्या म्हणाल्या. "हौसा उडून गेली नव्हती. पडली होती."

साठ वर्षांपूर्वी याच स्टुडिओत शालन आणि हौसा अप्सरांच्या घोळक्यात नाचत असत. एका चित्रीकरणात हौसाला उचलून धरणारी तार तुटली. कॅमेरा थांबला नाही. पडतानाचा तिचा चेहरा दिग्दर्शकाला आवडला होता. हौसा जागीच गेली. दुपारनंतर तिचाच शालू शालनला नेसवून उरलेलं दृश्य पुरं केलं. ही हकिकत बाईंच्या आठवणी नोंदवणाऱ्या मेंदूतज्ज्ञ डॉ. उल्का मिराशींनी आधीच शालनबाईंच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. त्या दिवसाचं दुसरं कोणी साक्षीदार आता हयात नव्हतं.

शिरस्त्राण घालून आतून जगायचा स्टुडिओचा हा नवा अनुभवपट त्याच काळाचा 'सुवर्णकाळ' म्हणून गौरव करणारा होता. त्यात आजचा एक तरुण त्या काळात पोचतो, हौसाच्या प्रेमात पडतो आणि दोघं उडत चंद्राकडे जातात. निर्माता कौस्तुभ इनामदार स्वतः मेंदूशास्त्र शिकलेला होता. तो शांतपणे म्हणाला, "बाई, चुका दाखवा. आम्ही दुरुस्त करू. फक्त प्रत्येक आवृत्ती पुन्हा पाहा."

बाईंनी चार आवृत्त्या पाहिल्या. पहिल्या वेळी त्यांच्या हरकतींनी तीन पानं भरली. चौथ्या वेळी एकच हरकत उरली: गजरा अबोलीचा हवा.

ती नोंद वाचून उल्का तडक कौस्तुभच्या खोलीत गेली.

"तुम्ही चित्रपट दुरुस्त केलाच नाहीत. बाईंना दुरुस्त केलंत."

"आठवण म्हणजे कपाटातली वस्तू नव्हे, डॉक्टर. तुम्हीच हे शिकवता," कौस्तुभ म्हणाला. "ती काढली की ओल्या मातीसारखी मऊ होते आणि पुन्हा सुकायला काही तास लागतात."

"आणि त्या तासांत जे दिसेल त्याचा ठसा तिच्यावर उमटतो. तुमचं शिरस्त्राण आधी बाईंची खरी आठवण जागी करतं आणि मग तिच्यावर हा चंद्र छापतं. एका बाईच्या मरणावर."

"शालनबाई आता रात्री दचकून उठत नाहीत. विचारा त्यांना."

"खुनाचा साक्षीदार सुखाने झोपू लागला म्हणून खून पुसला जात नाही," उल्का म्हणाली. तिने चित्रपट परीक्षण मंडळाकडे तक्रार केली आणि प्रदर्शन थांबवण्याची मागणी केली.

सुनावणीला शालनबाई नवी इरकल नेसून आल्या. अध्यक्षांनी विचारलं, "आजी, हौसाबाईंचं काय झालं?"

"गेली की त्या पोरासंगं, चंद्राकडं," बाई हसून म्हणाल्या. "किती गोड दिसत होती. तसा काळ पुन्हा यायचा न्हाई, साहेब."

कौस्तुभने आपली कागदपत्रं मिटून बाजूला ठेवली.

उल्काने ध्वनिमुद्रण लावलं. सभागृहात बाईंचाच आवाज घुमला: तुटलेली तार, चालू राहिलेला कॅमेरा, अंगावर चढवलेला तो शालू. शालनबाई ऐकत होत्या. त्यांचं हसू मावळलं, ओठ घट्ट मिटले. उल्का त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आठवण परत येत होती, निदान तिला तसं वाटलं.

ध्वनिमुद्रण संपलं. बाई काठी टेकत उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि संतापही.

"डॉक्टरीणबाई, ही बोलणारी बया कोण?" त्यांनी विचारलं. "माझ्या हौसाला मेली म्हणती. तिला हितं बोलवा. माझ्यासमोर उभी करा तिला."