साठ टक्के पाणी

पाल, पोलीस, पाहुणे... मला सगळ्यांचीच भीती वाटते. त्यामुळे लातूरच्या चष्म्याच्या दुकानात नेहमीच्या काकांच्या जागी एक अनोळखी तरुण उभा दिसला, तेव्हा मी दारातूनच मागे फिरले.

"अहो मॅडम, डोळे तपासतो आम्ही. माणसं कापत न्हाई!"

मी वळले... आणि हसूच आलं. तो काकांचा पुतण्या. डोळे तपासायचं रीतसर शिकून आलेला. नाव माउली. आता सांगा, माउली म्हणून हाक मारायची अन् चोरून बघायचंही, जमतं का कुणाला?

माझा नंबर उणे आठ. डावा डोळा लहानपणापासून आळशी, उजव्यावरच सगळा कारभार. जाड काचा बघून आलेली स्थळं चहा पिऊन निघून जायची. आता बिलोलीचे पाहुणे यायचे होते, म्हणून आईनं लेन्सचा धोशा लावलेला.

"एकच डोळा चालतो तुमचा, लेन्स नकोच," माउली म्हणाला. "घालायचीच असंल तर ही घ्या. हिच्यात अडतीस टक्के पाणी असतं."

"अन् ती?"

"साठ टक्के. लई मऊ. पण..."

"मग साठवालीच द्या! लातूरच्या माणसाला पाणी कमी घ्या म्हणता? टँकरमागं पळण्यात बालपण गेलंय आमचं."

"ऐका तर! अशा लेन्सला पाणी जास्त तितकी डोळ्याला हवा जास्त, हे खरं. पण आपल्या उन्हात ते पाणी उडतं. मग लेन्स सुकते अन् डोळ्यातलं पाणी पिते. तुमच्या डोळ्यांत आधीच ओल कमी."

"रडून दाखवू?"

"नको..." तो घुटमळला. "हसताच बऱ्या."

माझे कान तापले. त्याचेही. आणि त्या गडबडीत त्यानं साठवालीच दिली.

"दोन तासच घालायची. अन् साधं पाणी लावायचं न्हाई, प्यायचं पाणीसुद्धा. शपथ?"

"शपथ."

लातूरजवळच्या मुरुडला आमच्या घरी पाहुणे आले ते दुपार उलटल्यावर. लेन्स सकाळपासून डोळ्यांत. वर वडलांनी, आमच्या अण्णांनी, कौतुकानं कूलर माझ्या तोंडावर सोडलेला. पोह्यांच्या बश्या नेताना उजवा डोळा असा खुपायला लागला, की वाळूच गेली आत! लेन्स धुवायच्या औषधाची बाटली आतल्या खोलीत, तिथं पाहुण्यांच्या बायका बसलेल्या. चारचौघींत लेन्सचं बिंग फुटलं तर? मी स्वयंपाकघरात गेले, लेन्स काढली, माठातल्या पाण्यात बुचकळली अन् परत घातली. लातूरकरणीला पाण्याची कसली भीती! नेमकी तिथंच मी घाबरले नाही.

बिलोलीकरांचा होकार आला. त्याच सुमारास डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना. समोरचं सगळं धुरकट. आरशाला नाक लावून बघितलं, तर बुबुळावर पांढरा ठिपका. आईला सांगायचा धीर नव्हता. फोन केला तो माउलीला.

"साधं पाणी लावलं का?"

मी माठाकडं पाठ फिरवली.

"राजकन्या, बोला... लावलं का?"

मला मॅडम म्हणणारा माणूस पहिल्यांदा नावानं बोलला. तेव्हा मी खरी भ्याले.

तासाभरात तो मुरुडला आला. अण्णांना घेऊन आम्ही थेट नांदेडला, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, "जंतू शिरलेत. डोळा वाचवायचा प्रयत्न करू." प्रयत्न! हा गेला तर माझ्याकडं दुसरा होता कुठं?

दर तासाला औषधाचा थेंब. माउली दुकान बंद करून तिथंच बसलेला. मी सारखी विचारायची, "अंधार झाला का?" तो म्हणायचा, "न्हाई, ऊन हाय. पडदा लावलाय." मला खोटंच वाटायचं. मग तो माझा हात खिडकीच्या तापल्या गजावर ठेवायचा.

बिलोलीकरांना डोळ्याचं कळलं, आणि त्यांनी फोन उचलणंच सोडलं. अण्णा खचले. मला मात्र त्या बिलोलीच्या मुलाचं तोंडही आठवत नव्हतं.

शेवटी एका सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचलीस पोरी. डाग कडेला राहील, नजर शाबूत आहे."

अण्णा औषधं आणायला खाली गेले, माझा चष्मा त्यांच्याच खिशात. मी डोळे मिटूनच बसलेले. उघडले अन् काहीच दिसलं नाही तर?

"उघडा ना," माउली म्हणाला.

मी उघडले. समोर नुसता निळ्या शर्टाचा ढग.

"दिसायलंय का?"

"न्हाई... जवळ या."

"आता?"

"अजून."

"राजकन्या, नर्स बघायलीय..."

"बघू द्या. अजून जवळ."

चष्म्याविना मला चार-सहा बोटांवरचंच दिसतं. तेवढ्या अंतरावर आला, अन् एकदम लख्ख दिसला. वाढलेली दाढी. सुकून फुटलेला ओठ. आणि काठोकाठ भरलेले डोळे.

"रडायलात?"

"मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं... तुम्ही हसलात अन् देऊन बसलो. तुमचा डोळा गेला असता तर मी..."

"डोळ्यापुरतंच भ्यालात?"

"न्हाई." त्याचा श्वास माझ्या गालाला लागला. "तुम्ही जाताल म्हणून भ्यालो. बिलोलीला."

बाहेर अण्णांच्या चपला वाजल्या. माउली दचकून मागे सरकायला लागला, तशी मी त्याची कॉलरच धरली.

"थांबा. अण्णांना बघू द्या, मला कोण दिसायलंय ते."