चौसष्ट नंबरची साखळी

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल वाचू नये. मला कुणाला पटवायचं नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेलं आहे हे. आणि रात्री-बित्री नाही, भर दुपारी. गेल्या वर्षीचा एक मंगळवार, चारला दहा कमी.

आमचं गाव खाण कंपनीने वसवलेलं. क्वार्टर कंपनीचे, दवाखाना कंपनीचा, क्लब कंपनीचा, आणि त्या क्लबात कामगारांना बंदी तीही कंपनीचीच. पंधरा वर्षांपूर्वी कंपनी गाशा गुंडाळून गेली. इमारती तेवढ्या आमच्या गळ्यात मारल्या.

त्यातलीच एक मोठी न्हाणी. मामा तिचा राखणदार होता.

तिथली पद्धत अशी, की प्रत्येक कामगाराची छताला एक साखळी. खाणीत उतरण्याआधी घरचे कपडे आकड्याला अडकवायचे, साखळी ओढून वर छतापर्यंत न्यायचे आणि खालचं टोक आपल्या नंबरच्या खुंटीला बांधायचं. काम संपलं की अंघोळ करायची, मग कपडे खाली घ्यायचे. माणूस खाणीत असेपर्यंत त्याच्या साखळीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

राखणदारानेसुद्धा नाही.

गावच्या कमिटीने ठरवलं, न्हाणीचं सभागृह करायचं. साखळ्या कापायला वेल्डर आणला. गंजलेल्या गाठी सोडवायला मामाला बोलावलं.

"काका, एवढं जपून काय सोडताय? वरून कोणी उडी मारणार आहे का?" वेल्डरने चेष्टा केली.

"तू आपलं काम कर बाबा."

त्रेसष्ट साखळ्या सुरळीत खाली आल्या. मग गॅस संपला. वेल्डर दुसरा सिलिंडर आणायला गेला आणि मामा एकटाच राहिला.

त्याने चौसष्टची गाठ सोडली...

साखळी जड लागली.

वर पाहिलं तर आकडा रिकामा.

मामाने साखळी तशीच हातात धरून ठेवली. आणि त्याला पाण्याचा आवाज आला. कोपऱ्यातल्या फवाऱ्याखाली कोणीतरी अंगाला खसाखसा साबण लावून अंघोळ करत होतं. न्हाणीचं पाणी कंपनी गेली तेव्हाच तोडलं होतं.

आवाज थांबला.

मग अनवाणी पावलं... चपक, चपक... फरशीवरून जवळ आली. अगदी मामाच्या पाठीशी येऊन थांबली.

"दादा, माझे कपडे?"

चौसष्ट नंबर कोणाचा, हे मामाला बघायची गरज नव्हती. त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. म्हणजे माझ्या बाबांचा.

कशीबशी मान वळवली. मागे कोणी नव्हतं. फरशी कोरडी ठणठणीत.

आता बाबांचं सांगतो. बावीस वर्षांपूर्वी खाणीत छत कोसळलं. माणसं आत गाडली गेली, कोणालाच बाहेर काढता आलं नाही. कंपनीने दहा नावं जाहीर केली. त्यात बाबांचं नव्हतं. त्यांच्याबद्दल सांगितलं गेलं, की तो कामावर आलाच नव्हता, बायको-पोराला टाकून पळाला. मी तेव्हा चार महिन्यांचा. आईने 'नवऱ्याने टाकलेली' म्हणून उभा जन्म काढला. ती बाबांना नुसतं 'तो मेला' म्हणायची. शिवी म्हणून.

मामा त्याच संध्याकाळी घरी आला. पाण्याला हात न लावता बोलायला लागला.

"तो पळाला नव्हता गं. सुट्टी असताना मॅनेजरने त्याला खाली उतरवला होता, हजेरीत नाव न लावता. कपडे वर लटकत होते. मॅनेजर म्हणाला, ते उतरव आणि बॉयलरमध्ये टाक. मी टाकले."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"नोकरी होती. क्वार्टर होतं. पोरं लहान होती माझी."

"माझं काय मोठं होतं?"

आईचा आवाज जरासुद्धा चढला नाही. मला तेच सहन होईना.

दुसऱ्या दिवशी तिने नवा शर्ट आणि पँट घेतली. जुने कपडे रागाच्या भरात कधीच फेकून दिले होते. चौसष्टच्या आकड्याला ते अडकवून तिने स्वतः साखळी ओढली आणि अंधार पडेपर्यंत बाकावर बसून राहिली. असे सात दिवस. पाणी नाही, पावलं नाहीत, काही नाही. आठव्या दिवशी कमिटीने ती साखळीही कापली. आई कपडे काखोटीला मारून घरी आली.

पण मामाची सुटका झाली नाही. आता त्याच्या घरीच, रोज, चारला दहा कमी असताना...

"दादा, माझे कपडे?"

आई मामाशी एरवी एक शब्द बोलत नाही. पण रोज पावणेचारला ते कपडे घेऊन त्याच्याकडे जाते, समोर बसते. त्याने मान वर केली की विचारते, "आले? काय म्हणाले?"

"तेच."

"माझं काही विचारलं?"

एकदा मामाला दया आली. म्हणाला, "हो गं, तू कशी आहेस विचारत होता."

आई म्हणाली, "दादा, अजून किती खोटं बोलशील रे?"

त्या रात्री ती खूप रडली. "इतकी वर्षं शिव्या घातल्या मी. माझ्याशी कशाला बोलतील?" हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

गेल्या रविवारी मीही तिच्यासोबत गेलो. तिघं बसलो. घड्याळात चारला दहा कमी झाले. मामाने मान वर केली...

बाबांचा आवाज मी जन्मात कधी ऐकला नव्हता. माझ्यासारखाच आहे. थोडा घोगरा. अगदी कानाशी आला. त्यांनी कपडेच मागितले. दुसरं काही नाही.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "तुला काही ऐकू आलं का रे?"

मी नाही म्हणालो.